कंसातला अप्रेंटिस

आमच्या गल्लीत फिटर तीन, वेल्डर दोन, टर्नर एक, इलेक्ट्रिशियन पाच, वायरमन एक. एकूण बाराजण. सगळे आयटीआय पास. सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात अप्रेंटिसशिप केलेली. सगळ्यांकडे सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, बाबासाहेबांच्या फोटोमागं नाहीतर आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं. पावसात भिजू नये म्हणून.

ह्या बारांपैकी आज कारखान्यात किती? एक. तोही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. बाकी चौघं मोटारसायकलवरून लोकांची बिर्याणी पोचवतात. दोघं मॉलच्या दारात शिट्टी तोंडात धरून उभे. एक रिक्षा मारतो. वायरमन मंडपाची लायटिंग करतो, १४ एप्रिलला त्याच्याकडं काम मावत नाही, १५ एप्रिलला काम नसतं. एक घरात बसून आहे, बोलायचा बंद झालाय. आणि दोघं माझ्याबरोबर गोदीत लॅशिंगला.

मी मॅट्रिक. माझ्याकडं ट्रेडचं सर्टिफिकेट नाही म्हणून मी गोदीत, हे मला कळतं. त्यांच्याकडं सर्टिफिकेट आहे आणि तरी ते माझ्याच शेजारी कंटेनरचे रॉड आवळतायत, हे मला कळत नव्हतं. वर्षभर डोक्यात हेच चाललं होतं. आता कळलंय. म्हणून लिहितोय.

पेपरवाले ह्याला बेकारी म्हणतात. बेकारी म्हणजे काम नसणं. काम आहे, दोस्तांनो. कारखाने चालू आहेत, गाड्या बनतायत, पंप बनतायत, कॉम्प्रेसर बनतायत, आम्हीच ते कंटेनरमध्ये बघतो, जहाजावर चढताना. काम आहे, कामगार मात्र नको आहे. ह्या दोन गोष्टींतला फरक ज्याला समजला त्याला आजचं सगळं अर्थशास्त्र समजलं. बाकीची पुस्तकं त्यानं रद्दीत घातली तरी चालतील.

माझा एक दोस्त चाकणकडच्या एका कारखान्यात अप्रेंटिस होता. पहिला आठवडा त्याला सेफ्टीचं लेक्चर दिलं, चहा-बिस्किट दिलं, साहेब त्याच्याशी मराठीत बोलला. दुसऱ्या आठवड्यात लाइनवर उभा केला. पर्मनंट माणूस करतो तेच काम, तीच शिफ्ट, तेच टार्गेट. फरक फक्त टोपीच्या रंगात. आणि पगारात, पण त्याला पगार म्हणायचं नाही, विद्यावेतन म्हणायचं. शिकला काय? एक बोल्ट. गाडी पुढ्यात आली की तो बोल्ट आवळायचा, गाडी पुढं सरकली की पुढच्या गाडीचा तोच बोल्ट. दोन वर्षं फिटरचा कोर्स करून आलेला पोरगा वर्षअखेरीस एका बोल्टाचा तज्ज्ञ झाला. मग गेटवर ग्रुप फोटो, गुलाबाचं फूल, सर्टिफिकेट. शनिवारी निरोप समारंभ झाला, सोमवारी त्याच बोल्टावर दुसऱ्या जिल्ह्यातला नवा पोरगा.

आता मला सांगा, ह्याला कपात म्हणायचं की नाही?

कायद्याच्या कपातीला नोटीस लागते. नोकरीच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मोजावा लागतो. शेवटी आलेला आधी जाईल असा नियम लागतो. युनियन गेटवर येते, कोर्टात तारीख पडते, मालकाची झोप थोडी तरी उडते. इथं काहीच नाही. नोटीस नाही, भरपाई नाही, तारीख नाही. कारण आमच्या दोस्ताला कामावर घेतलंच नव्हतं. जो आत आलाच नाही त्याला बाहेर कसा काढणार? आपल्या बापजाद्यांना देवळातून हाकलावं लागत नव्हतं, तसंच हे. पायरीच्या खाली उभं केलं की हाकलायचा खर्च वाचतो.

*

आता कायद्याकडं बघू. कायदा वाचायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय, नुसता हार घालायला नाही.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. त्यात कामगार म्हणजे कोण ह्याची व्याख्या होती आणि त्या व्याख्येत एक कंस होता. कंसात लिहिलं होतं की अप्रेंटिस धरून. म्हणजे कारखान्यातला शिकाऊ पोरगासुद्धा कामगार.

मग १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्याच्या १८ व्या कलमानं सांगितलं, शिकाऊ उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. म्हणजे पीएफ नाही, ईएसआय नाही. आणि २२ व्या कलमानं सांगितलं, शिक्षण संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नाही. गंमत बघा, त्याच कायद्याचं १६ वं कलम म्हणतं की शिकताना अपघात झाला तर मालकानं कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणं भरपाई द्यावी. म्हणजे हात धड असेपर्यंत तू विद्यार्थी. हात मशिनीत गेला की तेवढ्यापुरता कामगार. ‘सेफ इन इंडिया’ नावाची संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटं गेलेल्या पोरांचे. एकलव्याचा अंगठा द्रोणानं निदान मागून घेतला होता. इथं मागायचीही तसदी नाही.

आणि २०२० साली इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू केला. त्यातही कामगाराची व्याख्या आहे, त्या व्याख्येतही कंस आहे. फक्त कंसातला एक शब्द बदलला. ‘धरून’ होतं तिथं ‘सोडून’ झालं. अप्रेंटिस सोडून.

एक शब्द, दोस्तांनो! त्र्याहत्तर वर्षांत त्यांनी एक शब्द बदलला आणि आख्खी एक पिढी कंसाच्या आत बंद केली. आपल्याला कंस नवे नाहीत. गाव सोडून महारवाडा, हासुद्धा कंसच होता.

बाजूबाजूनं काय काय झालं तेही मांडून ठेवतो. १९७६ साली नियम झाला की तीनशे कामगारांच्या वरच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागेल. १९८२ च्या दुरुस्तीनं तो आकडा शंभरवर आणला. म्हणजे जास्त कारखाने कचाट्यात आले. २०२० च्या कोडनं परत तीनशेवर नेला, आणि सरकारला वाटलं तर नुसत्या नोटिफिकेशननं अजून वर नेता येईल अशी सोय करून ठेवली. मार्च २०१८ मध्ये फिक्स्ड टर्म नोकरी सगळ्या धंद्यांना मोकळी केली, म्हणजे नेमणुकीच्या कागदावरच मरणाची तारीख. २०१४ साली शिकाऊ उमेदवार कायदा दुरुस्त केला. आधी नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगाची तरतूद होती. ती काढून टाकली, आता फक्त दंड. ठरल्यापेक्षा कमी शिकाऊ घेतले तर पहिले तीन महिने एका पोरामागं महिन्याला ५०० रुपये, पुढं १०००. एवढीच आपली किंमत. एकूण माणसांच्या अडीच ते दहा टक्के अप्रेंटिस घ्यायचे असं ठरलं, २०१९ मध्ये वरची हद्द पंधरा टक्के झाली. २०१६ पासून विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार मालकाला देऊ लागलं. २०१९ च्या नियमानं विद्यावेतनाचा किमान दर ५ ते ९ हजार ठरला. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेनं तो ६,८०० ते १२,३०० करायची शिफारस केली.

हे सगळं एका ओळीत वाचा. पर्मनंट काढायला सोपा केला, अप्रेंटिस ठेवायला स्वस्त केला. एका दारातून बाप बाहेर, दुसऱ्या दारातून पोरगा आत, बापाच्याच मशिनवर, बापाच्या पगाराच्या तुकड्यात. आणि अकरा-बारा महिन्यांनी पोरगाही बाहेर. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीचा आकडा आहे : ह्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतल्या शंभर कामगारांमागं साधारण वीस ठेकेदाराचे होते, २०२२-२३ मध्ये चाळिसाच्या वर. अप्रेंटिस त्या चाळिसातही धरलेला नाही. तो कंसात आहे.

*

एक मोठं नाटक सांगायचं राहिलं.

१९७३ मध्ये ह्या शिकाऊ कायद्यात ‘३ अ’ कलम घातलं. प्रत्येक ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखीव. २००७ च्या दुरुस्तीनं ओबीसींसाठीही. खाजगी कारखान्यालासुद्धा हे लागू. ऐकायला किती गोड! आपल्यातले काही पुढारी भाषणात अजून सांगतात, बघा, खाजगीत आरक्षण आहेच.

कशात आहे? शिकण्यात. नोकरीत आहे? नाही. म्हणजे गेटपर्यंत राखीव, गेटच्या आत मेरिट. पाणी भरायला राखीव, प्यायला नाही. महाडचं तळं १९२७ साली आपण हातानं मोकळं केलं. मुंबई-पुणे-औरंगाबादच्या एमआयडीसीतली तळी अजून तशीच आहेत. वर तोंडावर मारायला पाटी आहे, की तुमच्यासाठी पायरी राखून ठेवलीय, बसा.

सरकारी कारखान्यात, रेल्वेत, पोर्टात नोकरीलाच आरक्षण होतं, म्हणून तिथली जागाच मारून टाकली. माणूस रिटायर झाला, जागा भरली नाही. काम ठेकेदाराला दिलं, ठेकेदाराला रोस्टर नाही. उरलेल्या कामाला अप्रेंटिस लावला. आरक्षणाला कुणी हात लावला नाही हो! घटनेला कुणी हात लावला नाही! फक्त ज्या खुर्चीवर ते बसायचं ती खुर्ची उचलून नेली.

आणि ‘मेरिट’चं काय? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल ह्यांनी एक प्रयोग केला होता, २००७ मध्ये तो छापून आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तेच, लायकी तीच, फक्त आडनाव वेगळं. उच्चवर्णीय आडनावाच्या मानानं दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच निघाली. हे मशिनला हात लावायच्या आधी, तोंड दाखवायच्या आधी. नुसतं आडनाव वाचून.

१९९५ साली सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात सांगितलं, की बाकी सगळं समान असेल तर ज्यानं तिथं अप्रेंटिसशिप केली त्याला बाहेरून येणाऱ्याच्या आधी घ्या, त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची चिठ्ठी मागू नका, वयात सूट द्या. चांगला निकाल. पण ‘बाकी सगळं समान असेल तर’! अरे, ह्या देशात आमचं बाकी सगळं कधी समान होतं? शिवाय २०१४ च्या दुरुस्तीनं २२ व्या कलमात घातलं की शिकलेल्यांना नोकरी देण्याबद्दल प्रत्येक मालकानं आपापलं धोरण ठरवावं. किती द्यायचं हे वाढपीच ठरवणार, आणि पंगतीच्या शेवटी कोण बसलंय हे त्याला बरोबर माहीत आहे.

*

कामाची जात असते, हे मुंबईच्या कामगाराला कुणी सांगायला नको. गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात होती, विणाई खात्यात नव्हती. विणाईत पगार जास्त. का नव्हती? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला बाकीचे तोंड लावणार नव्हते. मालकाला आणि युनियनला, दोघांनाही हे चाललं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, सगळी खाती आमच्या माणसांना मोकळी करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? तेव्हा कुठं कुरकुरत घातली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी तिथं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन दुश्मन सांगितले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी काय सांगितलं ते कुणी वाचत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टर होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलं काम करावं लागतं आणि घरात विटाळ चालत नाही. आणि वर्कशॉपात त्याला मेकॅनिक होऊ देत नाहीत. बघा, १९३८ मध्ये बाबासाहेब इंजिनिअरिंगच्या नोकरीबद्दल बोलत होते! १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली की सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या पोरांना शिकाऊ म्हणून घ्या. कारण त्यांना माहीत होतं, ज्याच्या हातात कसब आलं त्याला झाडू धरायला लावता येत नाही.

म्हणून मी अप्रेंटिसशिपच्या विरोधात नाही, हे नीट ऐका. उद्या कुणी म्हणेल हा गोदीवाला शिकण्याच्याच विरोधात लिहितो. हात शिकलाच पाहिजे. लेथवर लोखंडाची साल निघताना बघितली की मला कविता सुचते. माझं भांडण शिकवण्याशी नाही, शिकवण्याचं सोंग करून राबवण्याशी आहे. बाबासाहेबांनी अप्रेंटिसशिप मागितली ती कारखान्यात शिरायचं दार म्हणून. त्यांनी त्याचं फिरतं दार केलं, मॉलला असतं तसं. आत ढकलल्यासारखं वाटतं आणि माणूस परत रस्त्यावर.

*

आता मालकाचे वकील काय म्हणतात ते ऐकू.

म्हणतात, पोरं नोकरीलायक नाहीत, स्किल कमी पडतं. अरे, मग तुमची लाइन कुणाच्या जिवावर चालते? नालायक पोराच्या हातचा बोल्ट घट्ट बसतो, गाडी विकली जाते, नफा बँकेत जातो, आणि पर्मनंट करायची वेळ आली की पोरगा नालायक? नालायक फक्त बाराव्या महिन्याला होतो?

म्हणतात, आता रोबो आलेत, माणसं लागत नाहीत. माणसं लागत नाहीत तर शिकाऊंची हद्द दहाची पंधरा टक्के कशाला केली? रोबोला शिकवायला? मशिनचं आम्हाला सांगू नका. आम्ही गोदीतले. पूर्वी पोती पाठीवर यायची, टोळीच्या टोळ्या लागायच्या. मग डबा आला, वीस फुटी, चाळीस फुटी, वर क्रेन आली. १९८९ मध्ये न्हावाशेवा चालू झालं आणि मुंबईच्या गोदीतलं काम वाहून गेलं. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, ज्यांनी शंभर वर्षं माल उतरवला, ते कंटेनरच्या यार्डासाठी बुजवले. क्रेननं पाठीवरचं ओझं काढलं, चांगलं झालं. पण पाठीबरोबर पोटही काढलं, ते क्रेननं नाही काढलं, ते माणसानं काढलं. मशिन कुणाची नोकरी खात नाही, मशिनला तोंड नसतं.

म्हणतात, नोकरी मागू नका, नोकरी देणारे व्हा, कर्ज घ्या, धंदा टाका. ठीक आहे. कुठल्या गल्लीत टाकू? तुमच्या सोसायटीत गाळा द्याल?

आणि सरकार? सरकारला नवा शब्द सापडलाय, ‘प्रशिक्षणार्थी’. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. पुढं पाच महिने वाढवून दिले. मग घरी. ती पोरं रस्त्यावर आली, कायम करा म्हणाली. त्याच वर्षी दिल्लीनं पंतप्रधान इंटर्नशिप काढली, पाचशे बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी पोरं, महिना ५ हजार. एक कोटी इंटर्न! नोकऱ्या किती, हा प्रश्न विचारायचा नाही. हा देश आता शिकाऊंचा देश होणार. सगळे शिकणारे, कामगार कुणीच नाही. आपल्याला हेही नवं नाही. मनूनं शूद्राला सेवा दिली होती, वेतन नाही.

*

आता आपल्याच लोकांशी थोडं भांडतो. राग आला तर येऊ दे.

युनियनवाल्यांनो, तुमच्या मेंबरशिपच्या पुस्तकात अप्रेंटिसचं नाव आहे का? तुम्ही करार करता. पर्मनंटला पगारवाढ, दिवाळीला पेढे. त्याच कराराच्या सावलीत मालक टेम्पररी, ट्रेनी, अप्रेंटिस वाढवत जातो आणि तुम्ही तिकडं बघत नाही. तुम्हाला वाटतं आपण वाचलो. नव्वदच्या दशकात गोल्डन हँडशेक आला, नॅशनल रिन्यूअल फंडातून पैसे आले, हजारोंनी सह्या केल्या, पैसे घराला पत्रा घालण्यात आणि पोरीच्या लग्नात गेले. लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांचे भोंगे वाजायचे. आज टॉवर उभे आहेत. त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये कुणाचा पोरगा स्टुलावर बसलाय ते जाऊन बघा. १९८२ मध्ये अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात आपलेही होते, त्यांची जमीन कुणाच्या घशात गेली? जो कामगार आपल्या खालच्या पायरीवरच्याला कामगार मानत नाही, त्याची पायरी उद्या निखळते. १९२८ मध्येही तुम्हाला हे सांगायला लागलं होतं. शंभर वर्षं होत आली, अजून धोट्याचा विटाळ गेला नाही.

आणि आपले पुढारी! जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करायला पोरं हवीत, निवडणुकीत चिठ्ठ्या वाटायला हवीत, साहेबाच्या गाडीमागं पळायला हवीत. ह्या पोरांच्या खिशात अप्रेंटिसचं सर्टिफिकेट आहे, ते कधी बघितलंत? पुतळ्याच्या विटंबनेवर आपण दहा मिनिटांत रस्त्यावर येतो. आलंच पाहिजे. पण जिवंत माणसाची विटंबना रोज सकाळी सातच्या शिफ्टला होते, तिला कुणी येत नाही.

तरी पोरांनी दाखवलंय. २० मार्च २०१८, सकाळची वेळ. माटुंगा आणि दादरच्या मधे रुळांवर हजारो पोरं बसली. सगळी रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेली. मुंबईची लोकल तीन तासांवर थांबली. लाठ्या पडल्या. त्यांना वीस टक्के राखीव जागा देऊ केल्या होत्या. ते म्हणाले, आम्ही रेल्वे शिकलोय, आम्हाला रेल्वेत घ्या. मागणी एवढी साधी. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? प्रवाशांचे हाल. पोरांच्या आयुष्याची गाडी कितीतरी वर्षं सिग्नलला उभी होती, तिचे हाल कुणी छापले नाहीत.

*

कुणी म्हणेल, सगळं जगच असं चाललंय, काय करणार? मी गोदीतला इतिहास सांगतो. स्वातंत्र्याआधी गोदीत काय होतं? सकाळी गेटवर माणसांचा घोळका, टोळीवाला येणार, बोट दाखवणार, तू ये, तू ये, तू घरी जा. आजचा दिवस काम, उद्याचं माहीत नाही. सगळे शहाणे म्हणायचे गोदीचं काम असंच असतं, जहाज येईल तेव्हा काम, त्याला कोण काय करणार. पण लढा झाला. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा झाला, डॉक लेबर बोर्ड आलं, माणसांची नोंदणी झाली, पाळी लागली, जहाज नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडीचा कायदा झाला. ज्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं ते कामगार झाले. पुढं ते मोडत आणलं, बोर्ड १९९४ मध्ये पोर्टात विरघळवलं, आज परत ठेकेदार बोट दाखवतो. पण एकदा जे झालं ते होऊ शकतं, एवढं तरी सिद्ध झालंय. कंसातला शब्द त्यांनी बदलला ना? मग तो परत बदलता येतो.

आमच्या मागण्या लिहून ठेवतो. कुणी मंत्र्याला निवेदन देताना फोटो काढण्यासाठी नाही, गेटवर भिंतीला चिकटवण्यासाठी.

पहिली. अप्रेंटिस हा कामगार आहे. कंसातलं ‘सोडून’ काढा, ‘धरून’ घाला.

दुसरी. जो उत्पादनाच्या लाइनवर उभा आहे त्याला लाइनचा पगार. वर्गात बसवाल तेवढ्या तासांचं विद्यावेतन खुशाल द्या.

तिसरी. कारखान्यातल्या रिकाम्या जागा आधी तिथंच शिकलेल्यांतून भरा, आणि ‘३ अ’ची राखीव जागा नोकरीपर्यंत गेली पाहिजे. खाजगीतसुद्धा. गेटपाशी संपणारं आरक्षण आम्हाला नको.

चौथी. २२ व्या कलमाचं ते ‘धोरण’ गेटवर मराठीत रंगवा. गेल्या पाच वर्षांत किती शिकाऊ घेतले, किती ठेवले, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती, भटके किती, मुली किती. आकडा लिहायला रंग लागत असेल तर आम्ही वर्गणी काढून आणून देऊ.

पाचवी. युनियनच्या पुस्तकात अप्रेंटिसचं नाव. नाहीतर ते पुस्तक आमचं नाही.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एक काम. पुढच्या रविवारी आपापल्या गल्लीत मोजा. किती फिटर, किती वेल्डर, किती टर्नर. कुठं शिकले, कधी सुटले, आज काय करतात. वहीत लिहा. सरकारी कारखाना असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, खाजगी असेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन त्यांची नोंद मागा. सगळ्या गल्ल्यांच्या वह्या एकत्र करू. बारा माणसं म्हणजे आमची एक गल्ली. वरळी, नायगाव, घाटकोपर, विक्रोळी, उल्हासनगर, पिंपरी, नागपूरची इंदोरा, औरंगाबादची मिलिंदनगरं धरून किती होतील? त्यांनी आपल्याला कंसात घालताना मोजलं नव्हतं. आपण मोजू. मग गेटवर जाऊ, सर्टिफिकेट हातात धरून. पेटीतनं काढा ती. पावसात भिजली तर भिजू देत.

७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी मजुरांच्या संपावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबई बंद पाडली होती. त्या दिवशी कुणी विचारलं नाही की तू पर्मनंट का बदली, तू शिकाऊ का शिकलेला. ती तारीख आपल्या कॅलेंडरवर नाही. जयंती आहे, परिनिर्वाण आहे, धम्मदीक्षा आहे. ही तारीख घाला.

घरात बसलेला आमच्या गल्लीतला तो बारावा, जो बोलायचा बंद झालाय, तो टर्नर आहे. परवा त्याच्याकडं गेलो, हा लेख वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. उठला, पेटी उघडली, सर्टिफिकेट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी त्याला शब्द दिलाय. आता तुम्ही द्या.

जयभीम.